माजी मोना

कोल्हापुरात कशाचीही निवडणूक होते. दूध संस्थेची होते, तालमीच्या अध्यक्षाची होते, गल्लीच्या गणपतीपुढं यंदा कुठलं बँड पथक आणायचं याचीही होते. निवडणूक म्हटली की गुलाल आला, आणि गुलाल उधळला की निवडून आलेल्या माणसाच्या दारात आपली कामं घेऊन जाणं आलंच. त्यामुळं सात-आठ वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतली मोना कृष्णात पोवार टीव्हीवरच्या 'सुरांचं सिंहासन' या गाण्याच्या स्पर्धेत महाविजेती झाली, तेव्हा 'मोना जिंकली' असं पेठेत एकही माणूस म्हणाला नाही. सगळे म्हणाले, "मोनी निवडून आली."

आणि त्यांचं तरी काय चुकलं? परीक्षकांनी गुण दिले ते दिले, बाकीचं काम कोल्हापूरनं केलं होतं. रंकाळ्यावर भेळ खात बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातातला मोबाईल मागून घेऊन, "पावणं, एक एसएमएस करतो हं," म्हणत पोरं मतं टाकत होती. पावण्याची भेळ संपेस्तोवर मतदान उरकलेलं असायचं.

यात सगळ्यांवर कडी केली ती आक्कानं. आक्का पोवारांच्याच बोळात राहते आणि कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकते. ती नेमकी कुणाची आक्का हे आता कुणाला सांगता येत नाही, त्यामुळं ती सगळ्यांचीच. स्पर्धेच्या शेवटच्या महिन्यात तिनं नियमच केला होता, "आदी मत दे, मग कोथमीर." गिऱ्हाईक मुकाट्यानं मोबाईल काढायचं, मोनाला मत द्यायचं आणि पुरावा म्हणून स्क्रीन आक्कासमोर धरायचं. आक्काला लिहिता-वाचता येत नाही. पण ती त्या स्क्रीनकडं डोळे बारीक करून अशी काही बघायची की तिला फसवायची छाती कुणाला झाली नाही.

मोनाचं गाणं सुरू झालं तेच मुळी माईकवर. वडिलांचा, म्हणजे कृष्णात पोवारांचा, स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. 'पोवार साऊंड सर्व्हिस'. कार्यक्रमाआधी "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायला त्यांना कंटाळा यायचा, म्हणून ते लहानग्या मोनाला उभी करायचे. ती हॅलो म्हणायच्या ऐवजी गाणं म्हणायची. पुढं पुढं लोक टेस्टिंग ऐकायलाच लवकर येऊ लागले. खरा कार्यक्रम सुरू झाला की अर्धे उठून जायचे.

स्पर्धेत ती गाजली ते आवाजामुळं, आणि थोडीशी बोलण्यामुळं. कोल्हापुरात बाया-पोरीसुद्धा 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. मोना पहिल्याच दिवशी परीक्षकांना म्हणाली, "मी आता गातो." सगळा स्टुडिओ हसला. कार्यक्रमवाल्यांना ते इतकं आवडलं, की पुढं कधी ती चुकून 'गाते' म्हणाली तर शूटिंग थांबवून तिच्याकडून पुन्हा 'गातो' म्हणवून घ्यायचे. मात्र 'झ'च्या बाबतीत त्यांनी दया दाखवली नाही. ती पेठेतल्या सगळ्यांसारखी 'माझं'ला 'माजं' आणि 'तुझी'ला 'तुजी' म्हणायची, आणि गाण्यातल्या 'माझ्या'चं 'माज्या' झालं की परीक्षक कपाळाला हात लावायचे. शेवटी उच्चार शिकवायला एक बाई नेमल्या. त्या मोनाला रोज सकाळी उपाशीपोटी 'माझा, माझी, माझे' घोकायला लावायच्या. मुंबईनं मोनाला जे काही दिलं त्यातलं कायमचं टिकलं ते एवढंच. आजही तिच्या बाकीच्या कोल्हापुरी बोलण्यात तेवढा 'झ' वेगळा उठून दिसतो, कांद्यापोह्यात काजू लागावा तसा.

ती जिंकून परत आली तेव्हा पेठेनं जेसीबीतून फुलं उधळली. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून केसांतला गुलाल निघाला नव्हता, तोवर दारात एक गृहस्थ हजर.

"ताई, आमच्या बोळातली गटर तुंबलीया."

"ओ पावणं, ती गाणारी हाय," कृष्णात म्हणाले.

"असू दे की. निवडून आलीया न्हवं?"

मोना चप्पल घालून त्या गृहस्थांबरोबर गेली. महापालिकेच्या मुकादमाला भेटली. मुकादमानं तिला मत दिलेलं होतं. दुपारच्या आत गटर मोकळी.

मग मुंबई. एका वर्षाचा करार. एका सिनेमात गाणंही मिळालं. सिनेमा लागला त्या दिवशी पेठेनं अख्खं थिएटर भरून टाकलं. गाणं सुरू झालं तर आवाज दुसऱ्याच बाईचा. मोनाचा म्हणून त्यात उरला होता तो कडव्याच्या मध्ये येणारा एक 'हो ऽ ऽ हो'. पेठ डगमगली नाही. तो 'हो' आला तेव्हा थिएटरात शिट्ट्या, टाळ्या आणि पडद्यावर सुटी नाणी. हिरोलासुद्धा इतका मान मिळाला नसेल.

पुढच्या वर्षी सिंहासनावर नवा महाविजेता बसला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी नवा. सिंहासन तेच, बूड दरसाल वेगळं. मोनाला येणारे फोन आधी कमी झाले, मग 'कळवतो' असं सांगणारे झाले, मग त्या कळवतोचेही बंद झाले. एक दिवस तिनं बॅग भरली आणि ती कोल्हापूरला आली. रडली-बिडली नाही. स्टँडवर उतरून आधी मिसळ खाल्ली, मग घरी गेली.

आता ती सत्तावीस वर्षांची आहे. संध्याकाळी घराच्या अंगणात मुलांना गाणं शिकवते. लग्नांत मंगलाष्टका म्हणते. शेजारच्या एका गावच्या घंटागाडीवर 'ओला कचरा, सुका कचरा' हे तिनं इतकं गोड म्हटलंय की तिथल्या बायका गाडी पुढं गेली तरी डबा हातात धरून उभ्या राहतात. कामाला तोटा नाही. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

"मोनाताई, आमच्यात साखरपुडा हाय. दोन गाणी म्हणायला या की. तुमाला मत दिलतं आमी."

मत दिलतं म्हटलं की मोनाची जीभ जड व्हायची. डोहाळजेवण, बारसं, वाढदिवस, टायरच्या दुकानाचं उद्घाटन, सगळीकडं ती गेली. परत येताना हातात नारळ आणि खांद्यावर शाल. नारळांची आमटी झाली, पण शालींचं करायचं काय? कृष्णातांनी त्या धूळ बसू नये म्हणून स्पीकरवर घालायला सुरुवात केली. एवढे सत्कार झालेले स्पीकर अख्ख्या जिल्ह्यात दुसरीकडं नसतील.

यंदाच्या लग्नसराईनंतर मात्र आप्पासो मगदूमांनी विषय काढला. आप्पासो म्हणजे एका छोट्या पतसंस्थेचे चेअरमन, कृष्णातांचे शाळासोबती, शांत आणि सरळ माणूस. त्यांच्या काउंटरवर एक जागा रिकामी झाली होती.

"पोरगी बी. कॉम. आहे, जिभेवर साखर आहे. सोमवारपासून येऊ दे," ते कृष्णातांना म्हणाले. "फक्त एक आहे. लग्नाच्या हंगामात आमच्यात रजा मिळत नाही. गाणं आणि हे, दोन्ही व्हायचं नाही. रविवारपर्यंत विचार करा. नाही जमलं तर मी दुसरी मुलगी बघतो."

म्हणजे सोमवारी काउंटर किंवा गाणं. दोन्हींतलं एक. मोनानं बुधवारी विचार केला, गुरुवारी केला, आणि शुक्रवारी सकाळी तिचा कल गाण्याकडं होता. तेवढ्यात हंबीरराव आले.

हंबीरराव तालमीचे अध्यक्ष. बोलतात ते समोर हजारभर माणसं बसल्यासारखं, मग समोर एकटी मोना का असेना.

"मोने, रविवारी चौकात सत्कार ठेवलाय. आपल्या जिल्ह्यातला, नेसरीचा सम्राट 'सिंहासना'वर निवडून आलाय यंदा. ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की. चांगला गातो."

"तू सूत्रसंचालन कर. सुरवातीला एक स्वागतगीत टाक. कसं?"

"आणि गाणं?"

"गाणं सम्राट म्हणंल की. त्यो आत्ता निवडून आलाय."

"मग मी कोण, दादा?"

हंबीररावांनी जरा विचार केला. त्यांना विचाराची सवय नव्हती. "तू हाईसच की. तू कुठं जातीस," म्हणाले, आणि गेले.

हे वाक्य मोनाला दिवसभर खुपत राहिलं. संध्याकाळी ती किराणा घेऊन परतत होती, तर चौकात डिजिटल बोर्ड लागलेला. आपल्याकडं फ्लेक्सला डिजिटल म्हणतात. मोठ्या बोर्डावर डाव्या बाजूला सम्राट, उजव्या बाजूला त्याच्या दुप्पट आकाराचे हंबीरराव. मोना त्यात कुठंच नव्हती. ते एक वेळ तिनं गिळलंही असतं. पण त्या बोर्डाच्या खाली दुसरा छोटा बोर्ड बांधला होता. त्यावर मोनाचा जिंकली तेव्हाचा फोटो, आणि फोटोखाली लाल अक्षरांत:

'माजी महाविजेती मोना पोवार. शुभेच्छुक: आक्का, भाजीवाली.'

कोपऱ्यात आक्काचा फोटो. त्याला गॉगल लावलेला.

मोना स्कूटर बंद करून बघत राहिली. जगानं माजी म्हटलं असतं तर तिला फार वाटलं नसतं. पण जिनं कोथिंबिरीच्या जोरावर निवडून आणलं, त्या आक्कानंही माजी करून टाकलं? आणि तेही पदरचे पैसे घालून, लाल अक्षरांत?

घरी कृष्णात स्पीकरवरच्या शाली झटकत होते. तिनं सगळं सांगितलं.

"अगं, माजी काय वाईट न्हवं," ते म्हणाले. "माजी नगरसेवकाला बग की, पुढच्या रांगंत खुर्ची मिळती. भाषाण करायला लागत न्हाई, नारळ फोडायला लागत न्हाई. आरामात बसायचं."

"पप्पा."

"बरं, गप बसतो."

"आप्पासो काकांना कळवा. सोमवारी येतो म्हणावं."

कृष्णातांनी हातातली शाल घडी करून ठेवली. मग उलगडली आणि पुन्हा घडी केली. "कळवतो. रविवारी तेवढं माईक टेस्टिंग तू कर. नवा सेट आणलाय, तुज्या आवाजाबिगार मला त्याचं काय कळंना."

शनिवारी सकाळी मोना मार्केटात गेली. जाताना वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. आक्का मेथीच्या पेंढ्यांवर पाणी शिंपडत होती.

"आक्का, तो बोर्ड काढ."

"का गं? गॉगल बरा दिसंना व्हय? मी ऋत्याला म्हणत हुतो, साधाच ठेव."

ऋत्या म्हणजे ऋतुराज, चौकातला डिजिटल छापणारा पोरगा.

"गॉगल राहू दे. माझ्या नावाच्या आधी काय लिहून घेतलंयस?"

"हाय तेच लिवून घेतलंय."

मोनाची जुळवलेली वाक्यं तिथंच सांडली. "म्हणजे तुलापण तसंच वाटतंय?"

"मला आज वाटाय लागलंय व्हय? तू निवडून आलीस तवापासनं समद्यास्नी सांगत आलोय."

"तेव्हापासनं?"

"त्याच्या आदीपासनं. तू गुडघ्याएवढी हुतीस, स्पीकरवर चढून गात हुतीस, तवापासनं."

आता मात्र मोना चक्रावली. "आक्का, तेव्हा मी माजी कशी असणार?"

आक्कानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "मग कुणाची असशील?"

मार्केटात मागं कुणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं. आक्काचं आपलं चालूच.

"त्या हंबीऱ्याच्या बोर्डावर तुजा फोटू न्हाई. मला आला राग. त्यो सम्राट आसंल नेसरीकरांचा, आमचं काय म्हणणं न्हाई. पर ही माजी हाय. म्हणून ऋत्याला फोन लावला. म्हटलं लिव, माजी म्हाविजेती मोना पोवार. तर मलाच इचारतोय, 'आक्का, नक्की माजीच लिहू न्हवं?' म्हटलं, मग काय तुजी लिवतोस? तवा गप झाला."

मोना बटाट्याच्या पोत्यावर बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की पलीकडचा लिंबूवाला पाणी घेऊन आला. तिनं आक्काला समजावून सांगायचा प्रयत्न केला. झबल्यातला झ असतो, जहाजातला ज असतो, एकानं 'माझी' होते, दुसऱ्यानं 'माजी' होते आणि माजी म्हणजे जुनी, काढून टाकलेली.

आक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं. मग माजी लिवायचं हुतं, आणि त्यानं काय लिवलं?"

"माजी."

"मग बरुबर हाय की."

यापुढं मोनानं नाद सोडला. डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिला सोमवार आठवला. चेहरा उतरलेला आक्काला लगेच दिसला. लिहिता-वाचता येत नसलेली माणसं चेहरे फार वाचतात.

"आता काय झालं?"

"परवापासनं पतसंस्थेत चाललोय आक्का. काउंटरवर. गाणं बंद."

"का?"

"भागत नाही. जो तो म्हणतो, मत दिलंय. मत दिलेल्या माणसाला पैसे कसे मागायचे? नारळ घेऊन येतो घरी."

आक्का तिच्याकडं बघतच राहिली, खोटी स्क्रीन पुढं केल्यासारखी. "तू शिकलीस म्हणं बी. कॉम.? मत दिल्याबिगार कोथमीर न्हाई, असं मी म्हणत हुतो. व्हय?"

"व्हय."

"मग मत दिलं म्हणून कोथमीर फुकट सोडली काय कुणाला? पेंढीचं पैसं घेतलंच की. मत येगळं, कोथमीर येगळी."

मोना काही बोलणार तेवढ्यात एक बाई मेथी घ्यायला वाकल्या आणि वाकल्या वाकल्याच थांबल्या. "अगंबाई, मोनाताई न्हवं? आमच्या नातीचं बारसं हाय पुढल्या गुरवारी. पाळणा म्हणाय याल काय? तुमाला मत दिलतं बगा आमी."

मोनानं सवयीनं मान हलवायला घेतली. आक्कानं मेथीची पेंढी मध्ये घातली.

"येईल की. घ्याल किती म्हणून इचार आदी."

बाई लाजल्या. पण रागावल्या मात्र नाहीत. "तेच तर इचारायचं हुतं, आक्का. एवढी टीव्हीतली माणसं, किती घेता म्हणून कसं इचारायचं? म्हणून आमी आपलं मत दिलं म्हणतो. त्याबिगार बोलायला सुरवात कुठनं करायची?"

मोना आक्काकडं बघायला लागली. इतकी वर्षं ती ज्याला वसुली समजत होती, तो लोकांचा नुसता 'नमस्कार' होता. बाई आकडा ऐकायला थांबल्या होत्या. मोनाचं तोंड उघडलं, पण त्यातून आकडा बाहेर पडेना. शेवटी आक्कानंच सांगितला, मेथीचा भाव सांगावा तसा, खणखणीत. बाईंनी मेथीच्या भावासारखीच थोडी घासाघीस केली, आक्कानं मेथीसारखंच थोडं सोडलं, आणि सौदा झाला. मोना मध्ये पोत्यावर बसून होती, पेंढीसारखी.

रविवारी संध्याकाळी चौक गच्च भरला. मोनानं माईक टेस्टिंग केलं आणि लोक नेहमीसारखे त्यालाच टाळ्या देऊन मोकळे झाले. ऋतुराज ओशाळून तिच्याजवळ आला. "ताई, 'ज'वर 'झ'चं स्टिकर लावू काय? छापून आणलंय."

"आक्काला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, हात लावलास तर बग."

"मग राहू दे."

सम्राट स्पीकरच्या आडोशाला उभा होता. वीस वर्षांचा, काटकुळा, कानात गुलाल, अंगावर कार्यक्रमवाल्यांनी दिलेलं चमचमतं जाकीट. उकाड्यानं बिचारा निथळत होता. मोनाला बघून पाया पडायला वाकला. तिनं मधेच धरला.

"ताई, एक इचारू काय? रागवायचं न्हाई."

"विचार की."

"तिकडली लोकं म्हणत्यात, आता तुजं आयुष्य बदललं. घरात वडील म्हणत्यात, शेतीकडं बी लक्ष ठेव. हे टिकतंय काय, ताई?"

मोनानं स्पीकरवरची शाल सारखी केली. दोन दिवसांपूर्वी कुणी विचारलं असतं तर तिनं लांबलचक सांगितलं असतं. कराराचं, कळवतोचं, त्या 'हो ऽ ऽ हो'चं.

"सिंहासन टिकतंय," ती म्हणाली. "त्याच्यावर दरसाल नवीन माणूस बसवतात. ते सोड. नेसरीत तुझ्या दारात कोण आलतं का, गुलाल उडाल्यावर?"

"समदं गाव आलतं की."

"तसं नव्हे. गटर तुंबली म्हणून, असं?"

सम्राट दचकला. "गटर न्हाई. ट्रान्सफॉर्मर जळालाय म्हणून काल सकाळी चौघं आलते. म्हटलं, मी गाणारा माणूस. तर म्हणत्यात, निवडून आलाईस न्हवं?"

"मग?"

"गेलतो की लाईट हापिसात. वायरमननं मला मत दिलतं. झालं काम."

"झालं ना? मग जाकीट काढ, घामानं घसा बसंल. आणि नेसरीतलं दार उघडं ठेव, टिकतंय ते तेच."

सम्राटला अर्धंच कळलं. पण जाकीट त्यानं काढलं आणि गायला चांगला. मोनानं त्याआधी स्वागतगीत म्हटलं होतं, नंतर त्याचे गोडवे गायले, आणि ती खाली उतरायला निघाली. तर हंबीररावांनी माईक हिसकावून घेतला. बोर्डाकडं हात करून ते गरजले, "आता आपल्यासमोर एक गाणं सादर करत्यात, आपल्या माजी महाविजेती, मोना पोवार."

हंबीररावांच्या तोंडातनं कुठलं 'माजी' निघालं ते त्यांनाच माहीत. पुढच्या रांगेत, माजी नगरसेवकाच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आक्कानं मात्र शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "माजी."

"व्हय, मी बी माजीच," तो म्हणाला.

मोना माईकपुढं उभी राहिली. "मी आता गातो," म्हणाली. चौक हसला. मग ती गायली, आणि कृष्णातांनी नव्या सेटचं एकही बटण फिरवलं नाही.

सोमवारी सकाळी ती पतसंस्थेत गेली. काउंटरमागं तिच्यासाठी पुसून ठेवलेली खुर्ची होती, टेबलावर नवीन पेनसुद्धा होतं. आप्पासोंनी चहा मागवला.

"काका, मी येत नाही. रागावू नका. गातोच म्हणतो."

आप्पासोंनी चष्मा काढून पुसला. "बरं. काल ऐकलं मी चौकात, तेव्हाच घरात म्हटलं, ही काय येत नाही. दुसरी मुलगी बघून ठेवलीय." चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि पुढं सरकून बसले. "मग असं कर. पुढल्या महिन्यात संस्थेची वार्षिक सभा आहे. चार गाणी आपली तुझी. नाही म्हणू नकोस. आमच्या घरातल्या सगळ्यांनी तुला मत दिलं होतं. आमच्या मुलानं, जिनेंद्रनं तर दोन मोबाईलवरनं."

मोना म्हणाली, "मत येगळं, काका. कोथमीर येगळी."

"कोथिंबीर?" आप्पासो गोंधळले. "जेवणाचं आपण आचाऱ्याकडं दिलंय गं. तू फक्त गायचं."

मोनानं ती पुसून ठेवलेली खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर ऐसपैस बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं कोथिंबिरीचा भाव सांगितला.

आप्पासोंनी थोडी घासाघीस केली. तिनं थोडं सोडलं.